रिकामा रकाना

शेरेकाकांचं खरं आडनाव काय, ते इमारतीत कुणालाच आठवत नव्हतं. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्कच्या खुर्चीत, आणि समोर आलेल्या प्रत्येक कागदावर शेरा मारायची सवय. निवृत्तीनंतर कागद यायचे थांबले, पण शेरे काही थांबले नाहीत. विजेच्या बिलावर 'पाहिले', लग्नपत्रिकेवर 'नोंद घेतली', किराणाच्या यादीवर 'फेरविचार व्हावा'. नातवानं आजोबांचं चित्र काढून पाठवलं, तर त्यावर 'नाकाबाबत खुलासा मागवावा' असा शेरा मारून चित्र फाईलला लावलं. तेव्हापासून नातू चित्रं आजीच्या नावे पाठवतो.

पण एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. खोट्या कागदावर त्यांनी आयुष्यात कधी सही केली नाही. साहेबांनी डोळे वटारले तरी नाही आणि गोड बोलून चहा पाजला तरी नाही. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान होता, आणि तो ते आठवड्यातून तीनदा तरी बोलून दाखवत.

एक सल मात्र होती. जुनं दप्तर लावायची एक योजना त्यांनी रक्त आटवून लिहिली होती, बावीस पानांची. ती साहेबांच्या सहीनं वर गेली, वाखाणली गेली, आणि साहेबांचा सत्कार झाला. शेरेकाका चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचं नाव छापून आलं. ते कात्रण काकांनी फाईलला लावून जपून ठेवलं होतं, आणि त्यावर शेरा मारायचं धाडस मात्र कधी झालं नव्हतं.

तर अशा माणसाच्या घरी एका सोमवारी सकाळी पेपर येतो आणि त्यात वर्धापनदिनाची स्पर्धा असते. ए, ई, आर आणि टी ही चारही अक्षरं ज्यात येतात असे इंग्रजी शब्द शोधा. क्रम कसाही चालेल. अनेकवचनं नकोत, माणसांची नि गावांची नावं नकोत. शब्द स्वतः शोधलेले हवेत. एक जरी शब्द चुकला तरी यादी बाद. एका घराची एकच प्रवेशिका, शनिवारी पाचच्या आत कचेरीत समक्ष आणून द्यायची. बक्षीस म्हणून डिक्शनरी वगैरे होती, पण काकांची नजर शेवटच्या ओळीवर खिळली. पहिल्या पाच जणांची नावं छापून येणार होती.

"आपण भरायची," काका म्हणाले.

"भरा की," काकू मटार सोलता सोलता म्हणाल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण काकांना कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्यांनी तडक व्याह्यांना फोन लावला. व्याही म्हणजे लेकीचे सासरे, निवृत्त इंग्रजीचे मास्तर. लेकीच्या लग्नात त्यांनी काकांनी लिहिलेल्या इंग्रजी निमंत्रणपत्रिकेत लाल पेनानं दोन चुका काढल्या होत्या, त्या काका अजून विसरले नव्हते. मास्तर फोनवर म्हणाले, "अरे वा! आम्हीही भरतोय. पण तुम्हाला जमेल का हो? इंग्रजी आहे."

"जमेल म्हणजे? शंभर तर आत्ताच झालेत," काका म्हणाले. "आणि एकूण एक माझे स्वतःचे. कुणाला विचारलं नाही."

तेव्हा त्यांच्याकडे एक शब्द होता. रिटायरमेंट.

फोन ठेवून काकांनी कामाला पद्धतशीर सुरुवात केली, म्हणजे दोन दिवस एकही शब्द न शोधता फक्त तयारी केली. फाईल उघडली. विषय घातला: 'इंग्रजी शब्द, चार अक्षरी अट, बाबत'. एक रजिस्टर आखलं. त्यात पाच रकाने: अनुक्रमांक, शब्द, सुचवणाऱ्याचे नाव, तपासले, शेरा. मग पेनात शाई भरून पहिल्या ओळीत सुवाच्य अक्षरात 'रिटायरमेंट' लिहिलं, सुचवणारा 'स्वतः', आणि तपासल्याची खूण करून टाकली.

"त्यात ए नाहीये," काकू ओट्यापासून म्हणाल्या.

"नाही कसा? रिटायर होताना आमच्या ऑर्डरवर होता."

"ऑर्डरवर असेल. शब्दात नाहीये."

काकांनी डिक्शनरी काढायचं मनात आणलं, पण बायकोच्या सांगण्यावरून डिक्शनरी काढणं त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. त्यांनी शब्द तसाच ठेवला.

आता काकूंचं काय होतं, तर नोकरीच्या काळात काका ड्राफ्ट घरी आणत आणि जेवणाआधी काकूंसमोर धरत. काकू एका हातानं पोळी उलटत नि डोळ्यांनी स्पेलिंग बघत. "इथे दोन एल हवेत," एवढंच म्हणत. चौतीस वर्षांत काकांच्या ड्राफ्टात स्पेलिंगची चूक सापडली म्हणून कुणी बोट दाखवलं नाही. काकांना वाटे, आपलं इंग्रजीच चोख आहे. ती एक लग्नपत्रिका काय ती काकूंना न दाखवता छापायला गेली होती.

हातातलं काम संपेपर्यंत काकूंनी सहज म्हणून शब्द टाकायला सुरुवात केली. "वॉटर घ्या. हीटर, टोस्टर, स्वेटर. लेदर, वेदर, फेदर. भांडी घासताना आठवला तो ग्रेटर, किसणी हो. फादर येतो, मदर येत नाही."

"का येत नाही?"

"अक्षर नाही तिच्यात. बरंय, कुठल्या तरी यादीत आईला काम लागलं नाही."

काका भराभरा लिहीत होते. सुचवणाऱ्याच्या रकान्याशी पेन आलं की ते क्षणभर थांबे आणि पुढे सरके. तो रकाना ते कोरा सोडत होते. यात त्यांचा काही दुष्ट हेतू नव्हता बरं का. त्यांच्या कचेरीची पद्धतच तशी होती. बाहेरून काही आलं तर ज्यानं पाठवलं त्याचं नाव, आणि रकाना कोरा असेल तर समजायचं की ते कार्यालयातलंच. घरातल्या गोष्टीला कुणी नाव घालतं का?

बातमी इमारतभर पसरायला वेळ लागला नाही, कारण ती काकांनीच जिन्यात उभं राहून पसरवली. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट लगेच खाली आले. माणूस चांगला, पण धंद्यानं स्वभावाचं पार वाटोळं झालेलं. "लिहा काका," ते खुर्ची ओढत म्हणाले. "डिझास्टर. फ्रॅक्चर. हार्ट. डिपार्चर."

"अहो, जरा प्रसन्न काही?"

त्यांनी बराच विचार केला. "ट्रीटमेंट," म्हणाले, आणि जाता जाता काकांच्या हातात एक माहितीपत्रक ठेवून गेले. काकांनी त्यावर 'पाहिले, घाबरलो' असा शेरा मारला.

समोरच्या टायपिंग क्लासच्या बाईंनी तर क्लासच कामाला लावला. बारा मुलींनी ठकाठक टाईप केलेले चाळीस कागद संध्याकाळी घरी आले. त्यात धड शब्द निघाले चौदा. बाकी सगळा बोटांचा सराव होता. वर बाईंचा आग्रह, की सुचवणाऱ्याच्या रकान्यात क्लासचं पूर्ण नाव, पत्त्यासकट, आलं पाहिजे. काकांनी ते चौदा वेळा लिहिलं. विमेवाल्यांचे पाच आणि बाईंचे चौदा, एकोणीस झाले.

गुरुवारी रजिस्टरात दोनशे चौदा शब्द भरले आणि काकांच्या लक्षात आलं की ज्या कुपनावर नाव घालून यादी जोडायची ते कुपनच कापलेलं नाही.

त्या घराचा पेपर म्हणजे भागीदारीतला. सकाळी काकांकडे, आणि नऊ वाजता तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे, पेशंटना चाळायला. काका खाली धावले. सोमवारचा पेपर वेटिंग रूममध्ये होता, पण तो गाल सुजलेल्या एका बाईंनी तोंडाशी धरलेला. मागायचा कसा? काका बाकावर टेकले. नर्सनं विचारलं, "नंबर?" काका घाईत म्हणाले, "नको, मी फक्त बसलोय." ती म्हणाली, "बसायला नंबर लागतो." नियम म्हटल्यावर काका विरघळले. त्यांनी नंबर घेतला, बाई आत गेल्या, पेपर हाती आला, कुपन फाडलं, आणि तेवढ्यात नंबर लागला.

"आलाच आहात तर बघून घेतो," डॉक्टर म्हणाले.

अर्ध्या तासानं काका वर आले ते एका हातात कुपन आणि दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली दाढ घेऊन. डावा गाल बधिर, जीभ जागेवर नाही, आणि चेहऱ्यावर घोर अन्याय झाल्याचा भाव. डॉक्टरांनी जाताना एक शब्दही सुचवला होता, टार्टर. त्यात ई नाही हे काकूंनी दारातच सांगितलं. म्हणजे दाढ फुकटच गेली.

आणि नेमका तेव्हाच व्याह्यांचा फोन आला. काकांना बोलता येईना, म्हणून काकूंनी घेतला.

"माझे एकशे नव्वद झालेत," मास्तरांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "पण मानलं हो तुमच्या यजमानांना. सगळे शब्द एकट्यानं! कुणाला विचारलंसुद्धा नाही म्हणाले."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी हातवारे करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण बधिर गालाच्या माणसाचं हातवाऱ्यांनीही कुणी ऐकत नाही.

"हो का?" काकू फोनात म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं. आम्ही काय, स्वयंपाकघरातली माणसं."

त्या दिवसापासून शब्द बंद झाले. जेवण वेळेवर, चहा वेळेवर, पण यादीसाठी एक अक्षर नाही. काकांनी शुक्रवारी दोनदा मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "अजून एखादा असेल का बरं?" काकू म्हणाल्या, "तुम्ही शोधताय ना एकट्यानं? शोधा." काकांना वाईट वाटलं. आपलं काय चुकलं हे कळत नसल्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

शनिवारी दुपारी व्याही घरी आले. इकडून बरोबरच कचेरीत जाऊ म्हणाले. लेकीचे सासरे, तेव्हा काकांनी हसतमुखानं स्वागत केलं, आणि मिरवावं म्हणून रजिस्टर पुढ्यात ठेवलं. मास्तरांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. आखणीचं कौतुक केलं. मग तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे कुठे 'स्वतः' लिहिलंय, कुठे शेजाऱ्यांची नावं आहेत. आणि हे एवढे कोरे कुणाचे?"

"ते... घरचे."

"घरचे म्हणजे?"

काकांनी घसा खाकरला. "म्हणजे कार्यालयीन."

स्वयंपाकघरात कपबशी जरा जोरात आपटल्याचा आवाज आला. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. "घ्या," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "कार्यालयीन चहा आहे. कुणी केला ते विचारू नका." आणि आत निघून गेल्या.

मास्तर जन्मभर वर्गात उभे राहिलेले, त्यांना काय ते एका क्षणात कळलं. त्यांनी पेन्सिल काढली आणि मोजलं. शेजाऱ्यांचे एकोणीस, स्वतःचे एकतीस, कोरे एकशे चौसष्ट. मग पेन्सिल खिशात ठेवली आणि चहा प्यायला घेतला. लाल पेन काढलं असतं तर काकांना बरं वाटलं असतं.

पेपरची कचेरी म्हणजे लांबलचक व्हरांडा आणि टोकाला एक खिडकी. खिडकीत चष्म्याच्या बाई. व्याह्यांची प्रवेशिका दोन मिनिटांत जमा झाली. काकांनी कुपन आणि रजिस्टरातून उतरवलेली यादी पुढे सरकवली. बाईंनी पानं मोजली, एक छापील चिठ्ठी पुढे केली. "यावर सही. माझ्यासमोर."

चिठ्ठीवर एकच ओळ होती. 'वरील सर्व शब्द मी स्वतः शोधले आहेत.'

काकांनी पेन उघडलं. टोक कागदाच्या वर येऊन थांबलं. सवयीनं सही होणार, एवढ्यात त्यांना कोण जाणे का, ती चौथी रांग आठवली. टाळ्या वाजवून लाल झालेले आपलेच हात आठवले. साहेबांचाही हेतू दुष्ट नव्हताच की. साहेबांच्या दृष्टीनं ते सगळं कार्यालयातलंच होतं. इतकी वर्षं आपण ज्या माणसावर मनातल्या मनात दात खात आलो, तोच माणूस रोज संध्याकाळी चपला काढून आपल्या घरात शिरत होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"नाव बदलायचंय," काका म्हणाले. "प्रवेशिका माझी नाही. बायकोची आहे."

"नाव बदलायचं तर अर्ज करा."

"कुणाच्या नावे?"

"व्यवस्थापकांच्या. ते रजेवर आहेत. पण अर्ज त्यांच्याच नावे."

एरवी काका बाईंवर बेहद्द खूश झाले असते. त्यांनी जन्मभर लोकांना असेच अर्ज करायला लावले होते. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी अर्ज लिहिला. बाईंनी तो वाचला, त्यावर शेरा मारला. "आता तुमचे आणि शेजाऱ्यांचे शब्द खोडावे लागतील. फक्त त्यांचेच ठेवा. आणि खोडलेल्या प्रत्येक शब्दाशेजारी प्रवेशिका ज्यांची, त्यांची सही."

"पन्नास सह्या?"

"पन्नास शब्द असतील तर पन्नास. पाचला खिडकी बंद."

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. व्याही घड्याळाकडे पाहत म्हणाले, "अहो, एकशे चौसष्टच राहतील. माझे एकशे नव्वद आहेत." यात त्यांना आनंद झाला होता की काळजी, ते त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं. काकांनी कचेरीतून घरी फोन लावला.

"अगं, ऐकतेस का? जरा इकडे ये. सही करायची आहे."

"कसली?"

"शब्द तुझे आहेत, तर तुझीच लागणार ना."

काकू म्हणाल्या, "गॅसवर दूध आहे." आणि फोन ठेवला.

काकांना वाटलं, संपलं सगळं. त्यांनी रजिस्टर शेजारी उघडून यादीतला एकेक शब्द खोडायला घेतला. विमेवाल्यांचा डिझास्टर गेला, फ्रॅक्चर गेला. क्लासचे चौदा गेले. मग स्वतःचे एकतीस. त्यातल्या एकेका शब्दासाठी काका अर्धा अर्धा तास छताकडे बघत बसले होते. रिटायरमेंटवर रेघ मारताना तर हातच अडखळला, अगदी निवृत्तीच्या दिवशी अडखळला होता तसा.

साडेचारला टायपिंगवाल्या बाईंची स्कूटर दाराशी थांबली. मागे काकू, साडी नीट नेसलेली, पण हात अजून ओले. "दूध उतरवून आले," त्या म्हणाल्या.

खिडकीशी एकच स्टूल होतं. काकू बसल्या. काका शेजारी उभे राहिले, टीपकागद हातात धरून. साहेबांसमोर उभे राहत अगदी तसेच, किंचित वाकून. "इथे," म्हणत. काकू सही करत. काका शाई टिपत, पान सरकवत. "आता इथे." आयुष्यात बँकेत केल्या असतील-नसतील तेवढ्या सह्या काकू त्या अर्ध्या तासात करत होत्या. पहिल्या दहा भीत भीत झाल्या. विसाव्या सहीला त्यांनी शेवटी एक झोकदार वळण काढलं. चाळिसाव्याला बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून कौतुकानं पाहिलं. व्याही घड्याळ धरून उभे होते आणि दर मिनिटाला, "करा विहीणबाई, वेळ आहे," म्हणत होते. वर्गात पेपर सोडवणाऱ्या मुलांना ते असंच म्हणत असणार.

अठ्ठेचाळिसाव्या सहीला काकू थांबल्या. "अहो, सिग्नेचर राहिलाच की. चारही आहेत त्यात."

काकांनी बोटांवर अक्षरं मोजली. खरंच होती. चौतीस वर्षं ज्याच्यावर जगलो तो शब्द आपल्याला सुचला नाही म्हणून त्यांना लाज वाटली, आणि बायकोला सुचला म्हणून छाती फुगली. दोन्ही एकदमच.

"घालू?"

"घाला."

एकशे पासष्ट. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी निकाल आला. काकूंचा नंबर चौथा. डिक्शनरी काही मिळाली नाही, पण नाव छापून आलं, पूर्ण, आडनावासकट. तेव्हा कुठे इमारतीला शेरेकाकांचं खरं आडनाव कळलं. व्याह्यांची यादी कुठल्याशा एका शब्दापायी बाद झाली होती. तो शब्द कोणता, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्यांचा फोन आला तेव्हा काकांनी उचलला, तर म्हणाले, "तुम्ही नाही. विहीणबाईंना द्या." आणि दहा मिनिटं काका नुसते शेजारी उभे.

"एकतीस शब्दांवर पाणी सोडलं मी," फोन झाल्यावर काका जरा फुशारकीनं म्हणाले. "नाहीतर पहिलाच नंबर होता आपला."

"त्या एकतीसात रिटायरमेंट होता," काकू म्हणाल्या. "यादी बादच झाली असती."

यावर काकांनी तेवढं ऐकू न आल्यासारखं केलं. मग रजिस्टर काढलं, पेनात शाई भरली, आणि संध्याकाळपर्यंत बसून एकशे चौसष्ट कोऱ्या रकान्यांत काकूंचं नाव लिहिलं. 'वरीलप्रमाणे' लिहून भागलं असतं, पण तसं केलं नाही. एकशे पासष्टावी ओळ सिग्नेचरची घातली, तिथेही लिहिलं. मग साहेबांच्या सत्काराचं जुनं कात्रण फाईलमधून काढून टाकलं आणि त्या जागी नवं चिकटवलं.

फाईल त्यांनी काकूंसमोर ओट्यावर नेऊन ठेवली. वर पेन ठेवलं.

"हे काय?"

"शेरा लिही," काका म्हणाले. "अधिकार तुझा आहे."

काकूंनी हात पुसले. आपलं छापलेलं नाव एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कांद्यावर ढकलायची सोय नव्हती, कारण त्या मटारच सोलत होत्या. त्यांनी पेन उचललं, आणि चौतीस वर्षं पोळी उलटता उलटता जी कचेरीची भाषा वाचली होती त्याच भाषेत, कात्रणाखाली, झोकदार वळणाच्या सहीसकट लिहिलं:

'फार विलंबाने प्राप्त. तरी स्वीकारले.'